राहनाळ डॉट इन

नारपोली, भिवंडी
१७ मार्च २००८

प्रिय काळूराम,

काल दुपारी तुझा मितेश एक साडी आणि वकिलाने टाइप केलेला कागद घेऊन माझ्याकडे आला होता. कागदावर मी सही केलेली नाही, आणि साडी त्याच्याच हाती परत दिली आहे. तुला फोन करते तर तू उचलत नाहीस. मितेशबरोबर निरोप पाठवला तर राहनाळला पोचेपर्यंत त्याचं काय होईल ते मला माहीत आहे. म्हणून लिहिते आहे. पूर्ण वाच, मधेच टाकू नकोस. गोदामाच्या ऑफिसात चार जणांत बसून वाचू नकोस, घरी वाच.

कागदात असं लिहिलं आहे की राहनाळ डॉट इन हे इंटरनेटवरचं नाव आपल्या घराची मिळकत आहे, ते माझ्या नावावर केवळ सोयीसाठी ठेवलेलं होतं, आणि आता मी ते राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, माझा भाऊ काळूराम याच्या लाभात सोडून देते आहे. वाचता वाचता मला वाटलं, हे आपण आधी वाचलेलं आहे. मग उलगडा झाला. तुझ्या वकिलाने नेहमीचा हक्कसोडीचा कागद घेतला, सर्व्हे नंबर काढला आणि तिथे डॉट इन घातलं. चतुःसीमा काढायचं त्याच्या लक्षातच आलं नाही. पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस, आणि पुढे टिंबं. मी मितेशला म्हटलं, अरे, पूर्वेला काय आहे ते तरी भरून आण. तर तो म्हणतो, "आत्या, तू पण ना. सही मार, नुसती फॉर्म्यालिटी हाय." पोरगा वाईट नाही. पण त्याला खरंच वाटतं की बायकांची सही ही फॉर्म्यालिटी असते. हे त्याला कुणी शिकवलं नाही, त्याने बघितलं आहे.

घाई कशाची तेही त्यानेच सांगितलं. पाडव्याला त्या बिल्डरच्या नव्या गोदामांच्या पार्कचा नारळ फुटायचा आहे, आणि त्याला गेटवर, बिलांवर, ट्रकांच्या पाठीवर राहनाळ डॉट इन छापायचं आहे. तो माणूस आधी माझ्याकडे आला होता, हे तुला त्याने सांगितलं का? त्याच्या ऑफिसातून इंग्रजीत मेल आली होती, नावाची किंमत कळवा म्हणून. मी कळवलं की नाव विकायचं नाही, तुमची गोदामं तिथे इतरांसारखीच नोंदवता येतील, वर्षाची फी सगळ्यांना जी आहे तीच. पुढच्या दाराने जमलं नाही म्हणून तो मागच्या दाराने तुझ्याकडे आला. आणि तू काय केलंस? भोईरांच्या हळदीत, भर मांडवात, त्याच्या खांद्यावर हात टाकून बोललास, "जमीन दिली, आता नाव पन देतो. ताईचे नावावर हाय म्हंजे आपलेच घरान हाय." हे मला तिथून परत आलेल्या तीन घरच्या बायकांनी येऊन सांगितलं. दोघींनी तुझी नक्कलही करून दाखवली. चांगली केली.

तुझं म्हणणं मला ठाऊक आहे. नाव पहिलं तू घेतलंस, आणि ताईने ते तुझ्याकडून पळवलं. गावात तू हेच सांगतोस. तर जे झालं ते एकदा नीट, क्रमाने लिहून ठेवते, म्हणजे मागे पुढे करायला नको.

२००५ च्या सुरुवातीला डॉट इनची नावं सर्वांसाठी खुली झाली. मितेशचा कुणी मित्र सायबर कॅफेत बसायचा, त्याने सांगितलं म्हणून मितेशने राहनाळ डॉट इन तुझ्या नावाने नोंदवलं. तेव्हा मी तुझं कौतुक केलं होतं, आठवत असेल. तू ते जीपच्या मागच्या काचेवर लिहून घेतलंस, गावदेवीच्या नावाखाली, मोठ्या अक्षरांत. लोक कॅफेत जाऊन ते नाव उघडायचे आणि तिथे एक कोरं पान आणि 'लवकरच' एवढंच. वर्ष गेलं. मुदत संपत आली तशा आठवणीच्या मेल मितेशच्या पत्त्यावर यायला लागल्या, आणि मितेश त्या पत्त्याचा पासवर्ड विसरलेला. मी तुला फोन करून सांगितलं की ते नवं करून घे. तू हसलास. "जमीन काय दरवर्षी नवी करतात काय? सातबाऱ्यावर नाव चढला का चढला." मी पुन्हा सांगितलं, घरी येऊन सांगितलं. तू म्हणालास, पोस्टातली नोकरी संपत आली तशी ताईला भिरभिरं लागलं.

तुझी चूक मला कळते. आपल्या लोकांना जमिनीशिवाय दुसरी मालकी माहीत नाही. जमीन पडीक ठेवली, बांध कोसळला, खाडीचं पाणी आत आलं, तरी ती तुझीच राहते. तू झोपलास तरी ती तुझी, मेलास तरी तुझ्या मुलांची. हे नाव तसं नाही. ते भाड्याच्या खोलीसारखंही नाही, कारण मालक दारात येऊन ओरडत नाही. मुदत संपते, काही आठवडे ते तुझ्यासाठी राखून ठेवतात, आणि मग एका सकाळी ते उघड्यावर पडतं, ज्याच्या हाताला लागेल त्याचं. त्या सकाळी माझ्या हाताला लागलं, कारण मी वाट बघत बसले होते. तुझ्याकडून घेतलं नाही. तुझ्या हातून पडलं ते उचललं. मी उचललं नसतं तर त्याचं काय झालं असतं ते सांगायला मानकोलीचं उदाहरण आहे, त्याच्यावर पुढे येते.

मला नावाचं एवढं काय, असं तू मितेशला म्हणालास. मी छत्तीस वर्षं भिवंडीच्या पोस्टात काढली. सॉर्टिंगच्या टेबलावर रोज ह्या तालुक्यातली गावं माझ्या हाताखालून जायची. लोक पत्ता कसाही लिहायचे. कुणी नुसतं 'काशीबाईच्या आळीत', कुणी 'पिंपळाच्या पुढे'. पण गावाचं नाव असलं की पत्र पोचायचं. तू पंधरा वर्षांचा असताना बाबांशी भांडून सुरतेला लूमवर पळाला होतास, तेव्हा तुझं एक कार्ड आलं. पत्त्याच्या जागी तू दोनच शब्द लिहिले होतेस, 'ताई, राहनाळ'. जिल्हा नाही, तालुका नाही. मी तेव्हा कॉलेजात होते, पोस्टात नव्हते. कुणातरी सॉर्टरला राहनाळ कुठे ते माहीत होतं आणि राहनाळच्या पोस्टमनला ताई कोण ते माहीत होतं. ते कार्ड मिळालं म्हणून बाबा तुला आणायला जाऊ शकले. त्या दिवसापासून गावाच्या नावाची किंमत मला कुणी शिकवायला नको.

पुढे पत्रं कमी झाली. कुरिअर आलं, फोन आला. राहनाळ आणि मानकोलीला शेतांच्या जागी गोदामं उभी राहिली, आणि पाकिटांच्या कोपऱ्यात कंपन्यांचे नवे पत्ते छापून यायला लागले. मी ते बघत होते. अहमदाबादच्या कुणा व्यापाऱ्याला माल ठेवायला जागा हवी असेल, तर तो आता पोस्टमनला विचारणार नाही. तो कॅफेत बसून गावाचं नाव टाइप करणार. तिथे जो बसलेला असेल तो गावाचा मुखत्यार. मग तिथे आपल्यातलं कुणी बसलेलं का असू नये? एवढा साधा विचार आहे हा. त्याला तू आणि तुझे मित्र 'म्हातारीची हवेतली जमीन' म्हणता. म्हणा.

रिटायर झाल्यावर तुझे दाजी म्हणाले, आता आराम कर, तीर्थाला जाऊ. मी कॉम्प्युटर घेतला. तुझी रुचिका तेव्हा कॉलेजात आयटी शिकत होती आणि लेक्चर संपलं की माझ्याकडे जेवायला यायची. तिने मला मराठीत टाइप करायला शिकवलं, मी तिला हिशेब आणि इंग्रजी पत्र लिहायला शिकवलं. एका दुपारी वीज गेलेली होती, शेजारचे लूम बंद पडले होते, त्या शांततेत ती म्हणाली, "आत्या, हे सगळं तू मला एकटीलाच का सांगतेस? ब्लॉग लिही." दुसऱ्या दिवशी 'आपला पत्ता' सुरू झाला. तू तो कधी वाचला नाहीस, फक्त त्याच्याबद्दल ऐकलंस. पहिला लेख मी राहनाळवर लिहिला: नाव कसं नोंदवायचं, कसं सांभाळायचं, कसं गमवायचं. तुझं नाव त्यात कुठेही नव्हतं. तुझ्या जीपच्या काचेवर होतं, त्याला मी काय करू? तू तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाहीस. तो लेख मी काढून टाकलेला नाही आणि टाकणार नाही. लोक अजून सर्वांत जास्त तोच वाचतात.

सुरुवातीला येणाऱ्यांना वाटलं, इथे लॉटरीचे नंबर मिळतात. "मॅडम, नारपोली का क्या भाव चल रहा है?" असं एका लूम मास्तरने लिहिलं. मी उत्तर दिलं की भाव भेंडीला असतो, आधी सांगा, तुमच्या गल्लीत किती लूम आहेत, सुताच्या गाड्या कुठून आत येतात आणि हमालांचा मुकादम कोण. त्याने रागावून सगळं लिहून पाठवलं, पानभर. मी कळवलं, तुम्ही नाव घ्यायला लायक आहात, घ्या. आता तो दर रविवारी माझ्याकडे येतो आणि नव्या माणसांना दरडावतो. दुसऱ्या एकाने काश्मीरपासून केरळपर्यंत गावांची नावं ढिगाने घेतली, पुढे विकून श्रीमंत व्हायचं म्हणून. त्याला मी जाहीर लिहिलं की हा जुगार आहे, माझ्या ब्लॉगवर त्याचं कौतुक होणार नाही. पुढच्या वर्षी एवढ्या नावांचं नूतनीकरण त्याला झेपलं नाही, सगळी गळून गेली. आमचा नियम एकच आहे, ज्या गावातली दारं तुम्हाला माहीत आहेत त्याच गावाचं नाव घ्यायचं, आणि घेतलं की विकायचं नाही, वापरायचं. राहनाळच्या पानावर आज लहानमोठी गोदामं आहेत, टेम्पोवाले आहेत, हमालांचे दोन मुकादम आहेत, गेटबाहेर डबे देणाऱ्या बायका आहेत. नोंदणीच्या फीमधून नावाचा खर्च निघून वर उरतं, आणि ते किती हे ब्लॉगवर कुणालाही दिसतं. तुझे दाजी म्हणतात, हिचं पोस्ट सुटलं पण बटवडा सुटला नाही. ते हे चेष्टेत म्हणतात, पण रविवारी येणाऱ्यांना चहा तेच करतात.

आता मानकोलीचं सांगते. चंद्रा तुला माहीत आहे, पोस्टात माझ्या शेजारी बसायची ती. तिचं माहेर मानकोली. ते नाव दिल्लीच्या कुणा माणसाने घेऊन ठेवलं आहे. त्याने हे गाव कधी बघितलेलं नाही, त्याच्या पानावर हॉटेलांच्या आणि औषधांच्या जाहिराती असतात. चंद्राने त्याला पत्र लिहिलं, नाव आमच्या गावाला द्या, तुमचा खर्च देते. त्याने उलट विचारलं, तुमचा ह्या गावाशी संबंध काय? तिने लिहिलं, मी तिथे जन्मले. त्याने लिहिलं, पुरावा द्या. काळू, ती बाई दोन दिवस कपाट धुंडाळत होती. सातबाऱ्यावर तिचं नाव नाही, तिनेही हक्कसोड करून दिलेली. रेशनकार्ड सासरचं, मतदार यादी सासरची. शाळा भिवंडीची, म्हणून दाखल्यावर जन्मगावही भिवंडीच लिहिलेलं. मानकोलीत जन्मून, खेळून, तिथून लग्नाचा मांडव परतून आलेली बाई, आणि त्या गावाची म्हणून दाखवायला तिच्याकडे एक कागद नाही. तिने ही हकीकत ब्लॉगवर लिहिली. माझ्या आवडीपेक्षा ती थोडी रडकी लिहिते, पण तो लेख मी एक शब्द न बदलता टाकला.

त्या लेखानंतर बायका यायला लागल्या. आपल्या बायका, काळू, खाडीकाठच्या गावांतल्या. शिकलेल्या थोड्या, बाकीच्यांनी सुनांना, मुलींना बरोबर आणलं. आणि मला एक गोष्ट दिसली. त्यांतली एकही बाई सासरच्या गावाचं नाव मागत नव्हती. प्रत्येकीला आपल्या माहेरचं हवं होतं. एक म्हातारी मला म्हणाली, "बाय, यात बापाचा नाव इचारत न्हाय? नवऱ्याचा पन न्हाय?" म्हटलं, नाही विचारत. फक्त तुमचं नाव आणि तुम्ही मुदत पाळता का एवढंच. ती म्हणाली, "मंग घालून टाक माझा." मी हळवी बाई नाही, हे तुला माहीत आहे. त्या दिवशी मी चहा करायच्या निमित्ताने उठून आत गेले.

बाबांच्या मागे मी हक्कसोड करून दिली तेव्हा तहसील कचेरीत तू माझ्या शेजारी उभा होतास. त्या सहीबद्दल मला रडगाणं गायचं नाही. तेव्हा सगळ्या बहिणी करत होत्या. माहेरचं दार उघडं राहावं म्हणून करत होत्या, मीही त्याचसाठी केली, समजून उमजून केली, आणि ती जमीन मी परत मागत नाही. तुझ्या जमिनीवर गोदामं उभी राहिली, तुझी भरभराट झाली, मला आनंद आहे. माझी पेन्शन मला पुरते. पण ती सही जमिनीची होती. जमीन बाबांनी मिळवलेली होती, त्यांच्या पश्चात ती कुणाकडे जावी हा तुमच्या रिवाजाचा प्रश्न होता. हे नाव बाबांनी ठेवलेलं नाही. ते मी राखलं आहे. ह्याच्यावर रिवाज चालणार नाही.

आणि तो बिल्डर त्या नावाचं काय करणार आहे ते मी त्याच्या मेलमध्ये वाचलं आहे. फक्त त्याचा पार्क. बाकीची गोदामं नाहीत, टेम्पो नाहीत, डबेवाल्या नाहीत. कुणी परगावचा माणूस राहनाळ टाइप करेल आणि त्याला दिसेल की राहनाळ म्हणजे एका माणसाचं एक गेट. तू गावकीत एवढा पुढे पुढे असतोस. हे गावकीपुढे मांडायची तुझी तयारी आहे का? नसेल, म्हणून तर हळदीच्या मांडवात उरकलंस.

आता धमकीचं. मितेशने ती मान खाली घालून सांगितली, त्याबद्दल त्याला मार्क देते. रुचिकाच्या हळदीला पहिला हात आत्याचा, हा आपल्यातला मान. तू निरोप पाठवलास, "सही झाली त ताईचा मान, न्हाय झाली त ताईने हलदीला येवाचा न्हाय. चुलत बहीण उभी करू." मी ऐकून घेतलं. तुला काय वाटलं असेल ते मला कळतं. हिला दोन गोष्टी प्याऱ्या आहेत, एक ते कॉम्प्युटरमधलं नाव आणि दुसरं माहेर, आणि दोन्हींत माहेर भारी पडेल. तुझा अंदाज तसा चुकीचा नव्हता. काल मितेश जिना उतरेपर्यंत मी दाराला धरून उभी होते आणि त्याला परत हाक मारावी असं एकदा मनात आलं होतं. ती मुलगी जन्मली त्या दिवशी मी तिला मांडीवर घेतलं आहे. तिच्या हळदीला मी दारात उभी राहू शकणार नाही, हे तू मला सांगू शकतोस, हे मला माहीत नव्हतं.

हाक मारली नाही, त्याला कारण मितेशच. जिन्याच्या वरच्या पायरीवर तो थांबला आणि मला समजावायला म्हणून म्हणाला, "तू केलीस की रुचिका पण गप करेल. तिची हक्कसोड लग्नाआधी करून घ्यायचीय, ती अडून बसलीय. बोलते, आत्या करत नाय तर मी का करू?" म्हणजे माझ्या सहीची गरज बिल्डरला होती त्याहून जास्त तुला होती. मला पुढे बसवून तिला दाखवायचं होतं, बघ, शिकलेली, सरकारी नोकरी केलेली, ब्लॉग लिहिणारी आत्यासुद्धा शेवटी सही करते. काळू, धंद्यातली तुझी अक्कल मी नेहमी मानत आले. हीसुद्धा अक्कलच आहे. पण मी त्या कामाला मिळणार नाही.

तिने जमिनीचं काय करावं हे मी तिला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. तिने सही केली तर तिची मर्जी, नाही केली तर तिची मर्जी. कायदा आता काय म्हणतो ते तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. एवढंच सांगते की तिने काय करायचं ते माझ्या नावाने ठरणार नाही.

नुसतं 'नाही' म्हणायला मी एवढं लिहिलं नसतं. ते मी मितेशला तोंडावर सांगितलंच होतं. हे पत्र मी लिहिते आहे कारण आज सकाळी रुचिका माझ्याकडे आली होती. रात्रभर झोपलेली दिसत नव्हती. मी तिला विचारलं, तुझ्या लग्नात माझ्यामुळे अडचण होते आहे, तू सांगशील तसं करते, नाव देऊन टाकू का तुझ्या बापाला? तिने चप्पल पण काढली नव्हती. म्हणाली, "बाबांना नको, मला दे. आजपर्यंत त्यांनी मला सगळं सांगितलं आहे, विचारलं कधीच काही नाही. कॉलेज, मुलगा, तारीख, सगळं सांगितलं. नाव माझ्याकडे असलं की त्यांना माझ्यासमोर बसून विचारावं लागेल." मी तिला नीट विचारलं, विचारल्यावर तू हो म्हणशील की नाही? ती म्हणाली, ते विचारतील तेव्हा ठरवेन. मला ते उत्तर पटलं. आम्ही दोघींनी बसून दुपारच्या आत नाव तिच्या खात्यावर केलं. तेव्हा आता माझ्या सहीला किंमत उरलेली नाही, मितेशला पुन्हा पाठवायचे कष्ट घेऊ नकोस. राहनाळचं नाव तुझ्या घरात आहे, मांडवात तू बोललेला शब्द तेवढा खरा झाला. ज्या खोलीत ती झोपते तिथे जा, बस, आणि विचार. ओरडू नकोस. ती ओरडण्याला उत्तर देत नाही, हे मी तिला शिकवलेलं नाही, ती जन्मतःच तशी आहे. हळदीला तिच्या अंगाला पहिला हात कुणाचा लागावा हेही तिलाच विचार, कारण तिने मला सांगितलं आहे आणि मी तुला सांगणार नाही.

दाजींचा नमस्कार. तब्येतीला जप, गोळ्या वेळेवर घे.

तुला न दुखवता खरं सांगणं जिला कधीच जमलं नाही, ती तुझीच
ताई

खाली नोंद जोडते आहे, कारण मी पोस्टातली बाई आहे आणि दिलेल्या वस्तूची पोच घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. मूळ कागद माझ्याकडे आहे, ही नक्कल.

आज दिनांक १७ मार्च २००८ रोजी नारपोली येथे खालीलप्रमाणे सुपूर्द केलं: राहनाळ डॉट इन हे नाव, पुढच्या मुदतीपर्यंत नूतनीकरण केलेलं; त्याच्या खात्याचा पासवर्ड, रुचिकाने माझ्यासमोर बदलून घेतलेला, नवा मला माहीत नाही; गावाच्या पानावर नोंद असलेल्या सर्व गोदामवाल्यांशी, टेम्पोवाल्यांशी, मुकादमांशी आणि डबेवाल्या बायकांशी ठरलेली बोली, जशीच्या तशी पाळण्याच्या अटीवर; 'आपला पत्ता' ह्या ब्लॉगवर लिहिण्याचा, छापण्याचा आणि माझं लिखाण चुकलं तर दुरुस्त करण्याचा अधिकार.

देणार: कमळ हरी केणे.
मिळालं, तपासून घेतलं: रुचिका काळूराम पाटील.